तीन ठोक्यांचं उत्तर

५ जानेवारी

ति. मामास,

फुलपट्टीचा नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "तोंडी सांगितलेल्याला सही नसते, काय ते लिहून पाठव." म्हणून लिहितेय. तुझ्या हट्टापायी या ऑफिसात पोस्टाची तिकिटं विकत घेणारी मी एकटीच आहे.

आईला मी एवढंच सांगितलंय की एका हॉस्पिटलचं वाढीव बांधकाम आहे. तुला खरं सांगते. हीच ती इमारत, मामा. बॉयलर हाऊस तेच, पाइपांचा शाफ्टही तोच. बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे मला काही आठवायचा प्रश्नच नाही. तरी पहिल्या दिवशी त्या शाफ्टचं दार उघडताना हात जरा थबकला.

माझं काम काय, ते तू दोनदा विचारलंस. इथे अकरा कंत्राटदार आहेत. प्रत्येक जण आपापलं काम बरं करतो. भानगड होते ती एकाचं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं तिथे. तिथे मी उभी असते. माझ्याकडे एक रजिस्टर आहे, मी त्याला जोडवही म्हणते. प्रत्येक जोडाला एक नंबर, एक देणारा, एक घेणारा. दोघांच्या सह्या झाल्या की जोड बंद.

कालच्या मीटिंगचा नमुना ऐक. वायरींसाठी भिंतीला भोक पाडलंय, ते बुजवायचं कुणी?

भिंतवाला म्हणाला, "भोक आमचं, कबूल. पण आतली पोकळी वायरवाल्यांची."

"आमची वायर जाते तेवढीच पोकळी आमची. उरलेली तुमची."

"उरलेली पोकळी आम्ही काय घरी न्यायची?"

"न्या की. वहिनी माहेरी गेल्यात, घर तसंही रिकामंच आहे."

अर्धा तास गेला. शेवटी पोकळी दोघांत निम्मी-निम्मी वाटली आणि सह्या घेतल्या.

आता तुझ्यासाठी एक कोडं. जोड क्रमांक सत्तेचाळीस. बॉयलरपासून वर गेलेली जुनी वाफेची लाइन चौथ्या मजल्यावर एका फाट्यात संपते. पुढे कधी इमारत वाढली तर जोडता यावं म्हणून तो फाटा ठेवलेला, तोंडाला लोखंडी चकती बसवलेली. ती चकती काढून तिथून आमची नवी लाइन सुरू करायची. दुपारी एक ते दोन सगळी यंत्रं बंद असतात, तेव्हा मी शाफ्टमध्ये मापं घ्यायला जाते. तीन दिवस झाले, त्या पाइपातून ठोके ऐकू येतात. टक्, टक्. मग शांत. मग पुन्हा टक्, टक्. खाली बॉयलर हाऊसमध्ये त्या वेळी चिटपाखरू नसतं.

तुझे कान असे की नळाला स्क्रूड्रायव्हर टेकवून कुठला वायसर गेलाय ते सांगतोस. हे काय असेल?

तुझी,
फुलपट्टी

१२ जानेवारी

चि. फुलपट्टीस,

तुझं पत्र वाचून वर्कशॉपात एकटाच हसलो. पोकळी निम्मी-निम्मी वाटणारी तू पहिलीच. सहा वर्षांची असताना फुटपट्टीला फुलपट्टी म्हणत ती घेऊन घरभर फिरायचीस आणि माझं नाकसुद्धा मोजलं होतंस. ते काही वाया गेलं नाही. आमच्या वेळी तुझ्यासारखं कुणी नव्हतं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं दोन कंत्राटांच्या मधलं काम कायम राहायचं. हा म्हणायचा त्याचं, तो म्हणायचा ह्याचं, आणि पाणी गळायचं ते तिसऱ्याच्या डोक्यावर.

एक सल्ला देतो, फुकट आहे. मीटिंगमध्ये जो जास्त ओरडतो त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. जो गप्प बसून मान हलवतो, त्याच्या ताब्यातला जोड आधी जाऊन बघ.

आवाजाचं म्हणशील तर त्यात कोडं कसलं? लोखंड आहे. तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. वाफेची लाइन बोलतेच. मी तर म्हणेन, तो सत्तेचाळीस नंबर जुन्या लाइनला देऊच नका. एवढ्या वर्षांचा पाइप, आतून किती खाल्लाय कोण जाणे. बॉयलरपासून नवी लाइन बाहेरच्या भिंतीने वर न्या. साहेबाला माझं नाव न सांगता सुचव.

ठोके दोनच असतात ना? तिसरा कधी येत नाही? सहज विचारतो.

ताईला इमारतीचं सांगितलं नाहीस हे बरं केलंस. सांगूही नकोस. मी बरा आहे, थोडी कणकण होती, गेली.

तुझा,
मामा

२० जानेवारी

ति. मामास,

नमस्कार. तुझं उत्तर चार वेळा वाचलं. ती लाइन गेले चौदा महिने थंड आहे. नव्या कामासाठी बंद करून ठेवलीय. तापत नाही, निवत नाही. मग फुगतं काय आणि आकसतं काय?

पाइप आतून खाल्लेला नाही. जाडी मोजून घेतली, नव्यासारखा आहे. बाहेरून लाइन न्यायची तर शस्त्रक्रियेच्या खोल्यांच्या खिडक्या अडतात. तेव्हा सत्तेचाळीस इथेच होणार.

आणि हो, दोनच. नऊ दिवस मोजले. तिसरा एकदाही आला नाही. काल पाइपावर तळहात ठेवून उभी राहिले. लोखंड गार होतं, पण ठोका आला की हाताला कळत होता, दाराच्या पलीकडे कुणी असावं तसा. इथले जुने भांडारवाले काका म्हणाले, "ताई, तो आवाज आम्हाला सवयीचा आहे. विचारल्यासारखा नाही वाटत, उत्तर दिल्यासारखा वाटतो. कशाचं ते विचारू नका."

मला विचारावंसं वाटतं, मामा. आई मला लहानपणापासून एकच गोष्ट सांगत आली. वर काम संपलं की वरच्या माणसाने सही करून चिठ्ठी खाली पाठवायची, 'वाफ सोडा.' बाबांनी ती पाठवली आणि काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा फाट्यापाशी गेले. खाली तू चिठ्ठी वाचून व्हॉल्व्ह उघडलास. आई म्हणते, "तुझ्या बापाने स्वतःच्याच सहीने स्वतःला मारलं. आपला विचार केला असता तर एवढा निष्काळजी झाला नसता." त्यांचा फोटो आमच्याकडे भिंतीवर मी कधी पाहिला नाही, तुला माहीतच आहे. मी प्रत्येक कागद तीनदा वाचून सही करते ते या एका वाक्यामुळे.

भांडारवाल्या काकांकडे त्या काळच्या कागदांची एक लोखंडी पेटी आहे. चौकशीनंतर परत आलेलं सगळं तिच्यात पडून आहे म्हणतात. किल्ली सापडली की उघडू. त्याआधी तुझ्या तोंडून ऐकायचंय. त्या दिवशी काय झालं?

तुझी,
फुलपट्टी

२८ जानेवारी

चि. फुलपट्टीस,

अशा जुन्या पेट्यांना हात लावू नकोस. गंजलेलं लोखंड लागलं तर धनुर्वात होतो, कागद वाचून तर त्याहून वाईट काहीतरी होतं.

तुझ्या आईने सांगितलं तेच झालं. चिठ्ठी आली. मी वाचली. व्हॉल्व्ह उघडला.

वर्कशॉपात काम फार आहे. या वेळी एवढंच.

मामा

११ फेब्रुवारी

मामा,

मीटिंगमधल्या भांडणांवर तुम्ही पानभर लिहिता आणि माझ्या बापाच्या मरणावर तीन वाक्यं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पेटी उघडली. बाबांचं चिठ्ठ्यांचं बुक त्यात आहे. शंभर चिठ्ठ्या, प्रत्येकीला छापील नंबर, खाली कार्बनची प्रत. त्रेसष्ट चिठ्ठ्या फाडलेल्या आहेत आणि त्रेसष्ट प्रती जागेवर आहेत. शेवटच्या प्रतीवर अपघाताच्या आदल्या आठवड्यातली तारीख आहे. चौसष्ट नंबर कोरा आहे, मामा. चिठ्ठीही तिथेच, प्रतही तिथेच, मध्ये कार्बन तसाच. त्या दिवशी बाबांनी कुणालाही चिठ्ठी दिली नाही.

चौकशी करणाऱ्यांनी हे बुक उघडूनही बघितलेलं दिसत नाही. त्यांना तुमचा शब्द पुरला.

आणखी एक. मी जोडांचीच वही ठेवते, मला असल्या गोष्टी दिसतात. पहिल्या तीन महिन्यांत एकोणसाठ चिठ्ठ्या. शेवटच्या दोन महिन्यांत चार. काम तर रोज चालू होतं, वाफ रोज सोडली जात होती. मग बाकीच्या वेळी तुम्ही व्हॉल्व्ह कशावरून उघडत होतात? आणि त्या दिवशी कशावरून उघडलात?

मी आईशी अजून बोललेले नाही. एकतीस वर्षं तिने ज्या माणसावर राग धरला, त्याने सहीच केली नव्हती, हे तिला कुणी सांगायचं ते तुमच्या उत्तरावर ठरवीन.

जोड सत्तेचाळीस एप्रिलमध्ये आहे. मी तो सोडणार नाही.

२ मार्च

चि. फुलपट्टीस,

तुझ्या पत्रात 'तुम्ही' वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं. पंधरा दिवस ते तसंच होतं. आज सरळ केलं.

तुझा बाप आणि मी एका खोलीत राहून काम शिकलो. दोघांचं मिळून एक पांघरूण होतं, आणि कुणाचे पाय उघडे राहतात यावरून रोज भांडण. पुढे त्याने माझ्या बहिणीला मागणी घातली तेव्हा मी म्हटलं, "आता तरी स्वतःचं पांघरूण घे." या इमारतीवर मी बॉयलरवाल्यांकडे होतो, तो पाइपवाल्यांकडे. दोन वेगळी कंत्राटं. मी खाली व्हॉल्व्हपाशी, तो वर.

चिठ्ठी आणायला-द्यायला अठ्ठ्याऐंशी पायऱ्या होत्या. लिफ्ट तेव्हा बसली नव्हती. एक दिवस मी म्हटलं, "मेहुण्या-मेहुण्यांत कागद कशाला?" युक्ती माझी. त्याची नव्हे, माझी. व्हॉल्व्हपाशी पाइपावर हातोडीने तीन ठोके मारायचे. सोडू का? वरून दोन आले तर सोड. एक आला तर थांब. जेवणाच्या सुट्टीत करायचं, कारण तेव्हा आवाज नसतो. आम्हाला त्याचा भारी अभिमान होता. बाकीचे जिने चढून दमायचे, आम्ही बसल्या जागी गप्पा मारायचो.

त्या दिवशी तो त्या फाट्याला चकती बसवत होता. ती चकती आमच्याही नकाशात नव्हती, त्यांच्याही नव्हती. दोघांचेही साहेब म्हणत होते, ते काम पलीकडचं. तुझा बाप म्हणाला, "कुणाचंच नाही ना, मग मी करतो." मी खाली तीन ठोके मारले. थोडा वेळ गेला. मग दोन आले.

मी व्हॉल्व्ह उघडला.

नंतर साहेबांनी विचारलं, "कशावरून उघडलास?" माझं वय सव्वीस. मी म्हणालो, "चिठ्ठीवरून." "कुठे आहे?" "गडबडीत भिजली, फाटली." एक शब्द, पोरी. तो तोंडातून सुटला आणि तुझ्या बापाची सही होऊन बसला. पुढे दरवेळी वाटायचं, उद्या सांगू. ताईने फोटो भिंतीवरून काढला तेव्हा खिळा मीच उपटून दिला.

हे सगळं माझं पाप आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. पण एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. तुझ्या बापाची हातोडी पिशवीत सापडली. पिशवीचा बंद बांधलेला होता. त्याच्या हातात पाना होता, आणि ते दोन ठोके पान्याचे नव्हते, हातोडीचे होते. एवढं मला कळतं. शाफ्टमध्ये दुसरं कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते.

मग वाजवले कुणी? का कुणीच नाही? मला जेवायला जायची घाई होती. उत्तर यावं असं वाटत होतं, म्हणून ते ऐकू आलं का? गावभर लोक म्हणतात, मामांसारखे कान नाहीत. माझं पोट या कानांवर भरलं. आणि एकतीस वर्षं मला एवढंच माहीत नाही की त्या दिवशी त्यांनी काही ऐकलं होतं का.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यातले ते दोन ठोके वाचून मला कणकण आली होती.

ताईला काय सांगायचं ते तू ठरव. मला शिक्षा कर, पण एक कर. त्या पाइपाला तीन ठोके मारू नकोस.

मामा

१९ एप्रिल

ति. मामास,

तुझ्या पत्रावर सात आठवडे मी काही लिहिलं नाही. रागावले होते, अजूनही आहे. आज लिहितेय ते राग गेला म्हणून नाही. काल सत्तेचाळीस होता, आणि जे झालं ते ऐकायचा पहिला हक्क तुझा आहे.

नवी लाइन जोडून झाली. पहिली वाफ सोडून आतली घाण उडवून द्यायची असते, म्हणून लाइनचं चौथ्या मजल्यावरचं तोंड मुद्दाम उघडं ठेवलं होतं. त्या वेळी त्या मजल्यावर कुणी असता कामा नये. मी प्रत्येक कंत्राटदाराकडून लेखी घेतलं, 'आमची माणसं खाली आली.' अकरा कागद, अकरा सह्या. सगळे तीनदा वाचले. दुपारचा एक वाजला होता. बॉयलरवाले काका व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावून उभे होते, माझ्या हो म्हणण्याची वाट बघत.

मी हातोडी मागितली.

का, ते मला सांगता येणार नाही. तू नको म्हणाला होतास म्हणूनही असेल. पाइपाला तीन ठोके मारले. काका हसले. म्हणाले, "देवळाची घंटा आहे का बाई?"

थोडा वेळ गेला. मग वरून दोन आले.

ऐकू आल्यासारखे वाटले नाहीत, मामा. आले. काकांचं हसू गेलं. त्यांनीही ऐकले. म्हणाले, "उत्तर आलं बाई. सोडू?" त्यांना आपल्या ठोक्यांचं काही माहीत नाही, तरी त्यांनीही ते उत्तर म्हणूनच ऐकलं.

माझ्या हातात अकरा सह्या होत्या, वर कुणी नाही म्हणून. मग उत्तर दिलं कुणी? वर माणूस असेल तर सह्या खोट्या. माणूस नसेल तर तो आवाज ज्याचा असेल त्याचा, पण त्याच्या सांगण्यावरून मी वाफ सोडणार नाही. म्हटलं, "चाकावरचा हात काढा." आणि जिना चढले. अठ्ठ्याऐंशीच आहेत.

वर एक माणूस होता. पाइपावर कापडी आवरण चढवणाऱ्यांपैकी. उघड्या तोंडासमोर मांडी घालून बसलेला, हात खांद्यापर्यंत पाइपात. सकाळी धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेलं फडकं ओढून काढत होता. कानांत कापसाचे बोळे, कारण सकाळभर तो छताच्या ड्रिलखाली उभा होता. त्याच्या लोकांनी त्याला एका दिवसासाठी छतवाल्यांना उसना दिला होता. यांच्या मोजणीत तो नव्हता, त्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. दोघांच्याही सह्या खऱ्या होत्या. दोन घरचा पाहुणा म्हणालास ना, तोच.

मी त्याच्या कानातला बोळा काढून विचारलं, "आत्ता पाइप तू ठोकलास?"

"नाही बाई. कशाने ठोकू? हात आत अडकलाय."

"खालून कुणी ठोकलेलं ऐकलंस?"

"मला काहीच ऐकू आलं नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय झालं? चुकीच्या पाइपात घातला का?"

त्याच्याजवळ हातोडी नव्हती. मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी सगळ्या खोल्या बघितल्या. त्याला खाली नेऊन बसवलं आणि पाणी दिलं.

बाबांनी वाचवलं असं मला म्हणता आलं असतं. फार बरं वाटलं असतं. पण मग तुझ्या वेळी कुणी वाजवले? ते दोन ठोके म्हणजे 'सोड' होते, मामा. ऐकलं असतं तर तो माणूस गेला असता. तिथे जे काही आहे ते विचारलं की दरवेळी 'सोड' म्हणतं. यापलीकडे मी विचार केला नाही आणि करणार नाही.

आज सकाळी चारही मजल्यांवर माणसं उभी करून, एकमेकांना डोळ्यांनी बघून वाफ सोडली. जोड सत्तेचाळीस बंद. जोडवहीत मी एक ओळ वाढवलीय. उसना दिलेला माणूस परत येईपर्यंत दोघांच्याही मोजणीत धरावा.

आता आपलं. चिठ्ठीबद्दल तू खोटं बोललास. ते मी माफ केलेलं नाही, आणि ते माफ करणारी मी नव्हे. ठोक्यांबद्दल तू खरं बोललास. त्याची मी साक्षीदार आहे. तुझ्या कानांना उगीच काही ऐकू आलं नव्हतं.

आईला मी सांगणार नाही. चौसष्ट नंबरची कोरी चिठ्ठी सोबत पाठवतेय. पुढच्या रविवारी आई घरी एकटी आहे. ही घेऊन तू जा.

तुझी,
फुलपट्टी

२७ एप्रिल

चि. फुलपट्टीस,

सांगितलं.

ताई कपाट आवरत होती. मला बघून म्हणाली, "न कळवता आलास? कुणाशी भांडलास?" मी चिठ्ठी तिच्या पुढे ठेवली. तिला वाटलं कसलीतरी पावती असेल. उलटीसुलटी करून म्हणाली, "यावर काही लिहिलेलंच नाही." मी म्हटलं, "तेच दाखवायला आलोय."

सगळं सांगितलं. पायऱ्या, ठोके, माझी युक्ती, माझा शब्द. खिळ्याचंही सांगितलं.  

मग म्हणाली, "म्हणजे त्याने सही केली नव्हती."

"नाही ताई."

"तो मला विसरला नव्हता."

"नाही."

"एकतीस वर्षं मी त्याला घालूनपाडून बोलले रे. रोज. तुम्हाला वाटायचं, मी त्याचं नाव काढत नाही. माणसांत काढत नव्हते. दार लावलं की दुसरं काय करत होते मी?" आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "तू तेव्हा तुरुंगात गेला असतास तर मी डबा घेऊन आले असते. तेवढं तुला कळलं नाही?"

 ती म्हणाली, "आता जा. पुन्हा कधी यायचं ते मी सांगेन." सांगेल का, ते मला माहीत नाही. चिठ्ठी तिने ठेवून घेतली.

बाहेर आलो. चपला घालायला जिन्यात बसलो. दार बंद होतं, पण तुझा मामा कसा आहे ते तुला माहीत आहे. आतली खुर्ची सरकली ते ऐकू आलं. मग ताईचा आवाज. माणसाशी बोलतात तसा, समोर बसलेल्या. "चुकलं माझं," म्हणाली. "ऐकतोयस ना? चुकलं माझं." आणि थांबली. उत्तराची वाट बघताना माणूस थांबतो, तेवढी.

मी दोन्ही कानांवर हात दाबून धरले आणि खाली उतरलो. रस्त्यावर येईपर्यंत काढले नाहीत.

तुझा,
मामा